सहा लाख किलोकॅलरी म्हणजे किती किलोवॅट?

प्रश्न थोडक्यात असा. भांडुपच्या एका कारखान्यात रेझिनच्या रिॲक्टरांना गरम तेल पुरवणारा गॅसवरचा थर्मिक फ्लुइड हीटर आहे. तो काढून विजेवरचा बसवायचा आहे. जुन्या हीटरच्या नेमप्लेटवर ६,००,००० किलोकॅलरी प्रति तास असं लिहिलंय, आणि नवा हीटर देणारा किलोवॅट विचारतोय. शिफ्ट इनचार्ज म्हणतात ८६० ने भागा. हँडबुकात ८५९.८५ आहे. मोबाइलवरच्या ॲपने ८६०.४२ धरलं. आणखी एकाने १.१६३ ने गुणायला सांगितलं. यातला खरा आकडा कोणता, आणि ऑर्डर किती किलोवॅटची द्यायची?

आकड्यांचं भांडण आधी मिटवते. चारही बरोबर आहेत. १ किलोकॅलरी प्रति तास म्हणजे १.१६३ वॅट. उलट केलं की १ किलोवॅट म्हणजे ८५९.८४५ किलोकॅलरी प्रति तास. हँडबुक ते ८५९.८५ छापतं आणि आपण सगळे तोंडी ८६० म्हणतो. ॲपची कॅलरी जराशी वेगळी आहे, त्याबद्दल पुढे सांगते. तुमच्या सहा लाखांवर हे सगळे आकडे चालवून बघा. १.१६३ ने ६९७.८ किलोवॅट येतात, ८६० ने ६९७.७ आणि ८६०.४२ ने ६९७.३. म्हणजे फरक अर्ध्या किलोवॅटचा. घरातली इस्त्री त्याहून जास्त वीज ओढते.

ऑर्डर मात्र या आकड्यावरून देऊ नका. मी गेली तीस वर्षं मुंबई-ठाण्यातल्या कारखान्यांत एनर्जी ऑडिट करते आहे. ८६० आणि ८५९.८५ यांच्या फरकाने कोणाचं नुकसान झालेलं मी एकदाही पाहिलं नाही. नुकसान होतं ते ‘प्रति तास’ गळाल्यामुळे, नेमप्लेटवरची उष्णता गॅसची की तेलाला मिळणारी हे न विचारल्यामुळे, आणि नेमप्लेटलाच गरज समजल्यामुळे.

तोंडी हिशोबाची एक युक्ती आधी देऊन ठेवते, ती जन्मभर कामाला येईल. किलोकॅलरीच्या आकड्यात त्याचाच सहावा हिस्सा मिळवायचा आणि तीन शून्यं उडवायची. सहा लाखांचा सहावा हिस्सा एक लाख, झाले सात लाख, तीन शून्यं गेली की ७०० किलोवॅट. उलट येताना सातवा हिस्सा वजा करायचा. ७०० मधून १०० गेले, उरले ६००, पुढे तीन शून्यं. चूक होते ती एका टक्क्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढी. मला हे एका बॉयलर अटेंडंटने शिकवलं. त्यांच्या खिशात कॅल्क्युलेटर नसायचा आणि त्यांचं कधी अडायचंही नाही.

आता ८६० कुठून आला ते. कॅलरी मुळात पाण्यावरून आली. एक किलो पाणी एक अंश सेल्सिअसने तापवायला लागणारी उष्णता म्हणजे एक किलोकॅलरी. पण पाणी कोणत्या तापमानाचं? १५ अंशांच्या पाण्याला जेवढी उष्णता लागते, नेमकी तेवढीच ५० अंशांच्या पाण्याला लागत नाही. वाफेचे तक्ते छापणाऱ्यांना हा घोळ परवडणारा नव्हता. म्हणून १९२९ साली लंडनला भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत पाणी बाजूला ठेवलं आणि कॅलरी थेट विजेला बांधली. एका किलोवॅट-तासाचा ८६० वा भाग ती एक किलोकॅलरी. म्हणजे ८६० हा कोणी सोयीसाठी गोल केलेला आकडा नव्हता, ती व्याख्याच होती. त्या काळचा प्रमाण वॅट आजच्या वॅटहून किंचित मोठा होता. पुढे १९५६ मध्ये कॅलरी ४.१८६८ ज्यूलवर पक्की केली, त्यातून १.१६३ नेमका निघतो आणि ८६० चं ८५९.८४५ होतं. रसायनशास्त्रात मात्र ४.१८४ ज्यूलची कॅलरी चालते. ३,६०० ला ४.१८४ ने भागा, तुमच्या ॲपचा ८६०.४२ मिळेल.

खरं तर १९४८ सालीच वजनमापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने उष्णतेसाठी ज्यूल वापरा असं सांगितलं होतं. आपल्याकडे मेट्रिक मापं १ ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने आली आणि त्या वेळच्या अभियंत्यांच्या मेट्रिकमध्ये किलो, मीटर, सेल्सिअसच्या जोडीने किलोकॅलरीही आली. ती आजही गेलेली नाही. बॉयलर, बर्नर, हॉट ऑइल या धंद्यात ‘चार लाखाचा हीटर’, ‘दहा लाखाचा हीटर’ असंच बोलतात आणि तो किमतीचा आकडा नसतो. सरकारी हिशोबातही ती आहे. ऊर्जा दक्षता ब्यूरोच्या तक्त्यांत विजेचं एक युनिट ८६० किलोकॅलरी धरलं जातं आणि एक टन तेलाएवढी ऊर्जा म्हणजे एक कोटी किलोकॅलरी. तेव्हा जुनं माप म्हणून तिला नावं ठेवू नका, दोन्ही भाषा यायला हव्यात.

आता ‘प्रति तास’. किलोकॅलरी ही उष्णता आहे, साठ्यासारखी. किलोवॅट हा वेग आहे. विजेच्या बाजूला युनिट आणि किलोवॅट असे दोन वेगळे शब्द आहेत म्हणून तिथे गोंधळ कमी होतो. उष्णतेच्या बाजूला दोन्हीकडे किलोकॅलरीच, आणि बोलताना ‘पर अवर’ सगळेच खातात.

माझ्या हातून हे झालंय. नोकरीचं दुसरं वर्ष होतं. अंधेरीच्या एका वर्कशॉपमध्ये रंगकामाआधी पत्रे धुवायची १,००० लिटरची टाकी होती. पाणी ३० अंशांवरून ८० वर न्यायचं होतं. मी १,००० गुणिले ५० केलं, ५०,००० किलोकॅलरी आल्या. ८६० ने भागलं, ५८ किलोवॅट आले. हीटर आले, बसले, चालू झाले. पहिल्या दिवशी सकाळी सात वाजता कामगार टाकीभोवती उभे, सव्वाआठ वाजले तरी थर्मामीटर ८० ला टेकत नव्हता. मालकांनी पहिल्या भेटीतच सांगितलं होतं की पाणी अर्ध्या तासात तयार हवं. ते माझ्या वहीत लिहिलेलं होतं, हिशोबात नव्हतं. ५०,००० ला ८६० ने भागलं म्हणजे ती उष्णता एका तासात द्यायची असं मी न बोलता ठरवून टाकलं होतं. अर्ध्या तासात द्यायची तर ११६ किलोवॅट लागतात, चार तास मिळत असतील तर साडेचौदा पुरतात. वर टाकीचं लोखंड आणि उघड्या पाण्यावरून जाणारी वाफ मी धरलीच नव्हती. वीजजोडणीचा भार लगेच वाढवून मिळण्यासारखा नव्हता. शेवटी टाकीला इन्सुलेशन आणि झाकण केलं, आणि पुढची काही वर्षं रात्रपाळीचा वॉचमन पहाटे साडेपाचला स्विच टाकायचा. त्या माणसाची झोप माझ्या एका भागाकाराने मोडली. तेव्हापासून एकक पूर्ण लिहिल्याशिवाय मी कागदावर आकडा ठेवत नाही.

घरच्या न्हाणीघरात हे पडताळून बघता येतं. ३ किलोवॅटचा इन्स्टंट गीझर म्हणजे तासाला २,५८० किलोकॅलरी, मिनिटाला ४३. पंधरा लिटरची बादली पाच मिनिटांत भरत असेल तर पाणी मिनिटाला ३ लिटर जातंय. ४३ भागिले ३, म्हणजे पाणी चौदा अंशांनी तापणार. जानेवारीत नळाला २४ अंशांचं पाणी येत असेल तर बादलीत ३८ अंशांचं मिळेल. ‘गीझर नीट तापवत नाही’ ही तक्रार पुष्कळदा एवढीच असते. नळ थोडा आवळला, बादली साडेसात मिनिटांत भरू दिली, की तेच पाणी ४५ वर जातं. बादली, घड्याळ आणि थर्मामीटर एवढ्यावर तुम्ही वॅट मोजलेत. कारखान्यातलं मोजमाप याहून वेगळं नसतं.

माणसाचं शरीरही याच हिशोबात बसतं. दिवसाला २,००० किलोकॅलरी खाणारा माणूस सरासरी ९७ वॅट उष्णता बाहेर टाकतो. लोकलच्या एका डब्यात समजा ३०० माणसं आहेत. त्यांचीच २९ किलोवॅट झाली, म्हणजे तासाला २५,००० किलोकॅलरी. एसीच्या भाषेत एक टन म्हणजे ३,०२४ किलोकॅलरी प्रति तास किंवा ३.५१७ किलोवॅट, तर ही उष्णता सव्वाआठ टनांची. दारं, पत्रा, ऊन, आत येणारी हवा हे सगळं वेगळं. २५ डिसेंबर २०१७ ला पश्चिम रेल्वेवर पहिली एसी लोकल धावली तेव्हा एका मैत्रिणीने मला विचारलं होतं, एवढं मोठं यंत्र छपरावर कशाला? उत्तर आपण स्वतःच आहोत.

आता तुमच्या हीटरकडे येते. नेमप्लेट आधी तारेच्या ब्रशने साफ करा आणि स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. माझ्यासमोर अशा पाट्या आल्या आहेत की आकडा शाबूत आणि पुढचं एकक चार वेळा चढवलेल्या रंगाखाली गाडलेलं. मग पाहायचं की हे सहा लाख तेलाला मिळणारे आहेत की बर्नरला लागणारे. थर्मिक फ्लुइड हीटरवर सहसा तेलाला मिळणारी उष्णता लिहितात. बर्नरच्या पाटीवर इंधनाची असते. कार्यक्षमता ८५ टक्के धरली तर तेलाला सहा लाख द्यायला बर्नरने सात लाखांच्या वर जाळायला हवं. बर्नरची पाटी वाचून कोणी विजेचा हीटर मागवला, तर चिमणीतून जाणारी उष्णताही तो विकत घेतो. विजेच्या हीटरला चिमणी नसते.

गॅसच्या हिशोबात आणखी एक खोच आहे. नैसर्गिक वायूची ग्रॉस आणि नेट कॅलरीफिक व्हॅल्यू, म्हणजे जळल्यावर मिळणारी उष्णता, यांत साधारण दहा टक्क्यांचा फरक असतो. जळताना तयार झालेल्या पाण्याच्या वाफेतली उष्णता मोजली तर ग्रॉस, सोडून दिली तर नेट. कार्यक्षमता एकीवर काढायची आणि इंधनाचा खर्च दुसरीवर, असं झालं की अख्खा प्रस्ताव दहा टक्क्यांनी खोटा ठरतो. ८६० विरुद्ध ८६०.४२ चा फरक एका टक्क्याच्या विसाव्या हिश्शाएवढा आहे, हे त्याच्या शेजारी ठेवून बघा.

यानंतर खरं काम, गरज मोजायची. तुमच्याकडे तेलाच्या प्रवाहाचा मीटर असेल आणि जाणाऱ्या-येणाऱ्या तेलाचं तापमान लॉगशीटवर लिहिलं जात असेल. नसेल तर निदान आठवडाभर, दर पंधरा मिनिटांनी, बॅच चालू असताना लिहून घ्या. समजा पंप तासाला ४० घनमीटर तेल फिरवतोय. गरम तेलाची घनता लिटरला ०.७५ किलो, म्हणजे तासाला ३०,००० किलो. तेलाची विशिष्ट उष्णता ०.६ किलोकॅलरी प्रति किलो प्रति अंश. जाणारं आणि येणारं तेल यांत १८ अंशांचा फरक. ३०,००० गुणिले ०.६ गुणिले १८, आले ३,२४,००० किलोकॅलरी प्रति तास, म्हणजे ३७७ किलोवॅट. नेमप्लेटच्या निम्म्याहून थोडं जास्त. तुमचे आकडे वेगळे असतील, पण जुने हीटर गरजेपेक्षा मोठे घेतलेले असतात हे मी इतक्या ठिकाणी पाहिलंय की तुमच्याकडे तसं नसेल तर मलाच आश्चर्य वाटेल.

इथे दोन ठिकाणी नीट बघा. तेलवाल्याच्या कॅटलॉगमध्ये विशिष्ट उष्णता बहुतेक किलोज्यूलमध्ये असते, २.५ वगैरे. ती तशीच किलोकॅलरीच्या सूत्रात घातली तर उत्तर चौपट येतं. आधी ४.१८६८ ने भागा. दुसरं, तापमानाचा फरक फक्त १८ अंश असताना एखादा थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजणारी तार, दोन अंश चुकला तर उत्तर ११ टक्क्यांनी हलतं. दोन्ही थर्मोकपल एकाच गरम तेलाच्या भांड्यात बुडवून सारखंच दाखवतात ना, हे आधी तपासा. तासाभराचं काम आहे आणि सगळ्या दशांश चिन्हांपेक्षा मोलाचं आहे.

सोमवार सकाळचं काय, हे तुमचे इनचार्ज विचारतील आणि बरोबर विचारतील. रविवारी थंड झालेलं सगळं तेल आणि लोखंड पुन्हा तापवायचं असतं. समजा प्रणालीत २,६०० किलो तेल आणि ५,००० किलो लोखंड आहे, आणि ३० वरून २२० अंशांवर जायचंय. तेलाला २,६०० गुणिले ०.५५ (थंड तेलाची विशिष्ट उष्णता जरा कमी असते) गुणिले १९०, म्हणजे सुमारे २.७२ लाख किलोकॅलरी. लोखंडाला ५,००० गुणिले ०.१२ गुणिले १९०, म्हणजे १.१४ लाख. मिळून ३.८६ लाख, आणि या नुसत्या किलोकॅलरी आहेत, प्रति तास नाहीत. तासाभरात तापवायचं तर ४५० किलोवॅट लागतील. दोन तास चालत असतील तर २२५ पुरतील. रिॲक्टर तोवर बंदच असतात, म्हणून ही गरज आधीच्या ३७७ मध्ये मिळवायची नाही. दोन्हींपैकी मोठी धरायची. या उदाहरणात तासाभरात तापवायचं धरून मी ४५० किलोवॅट, वेगवेगळे चालू-बंद करता येतील अशा दोन-तीन गटांमध्ये विभागून, असं लिहीन. लॉगशीटवर एखाद्या बॅचचा कळस याच्या वर गेलेला दिसला तर तो कळस धरीन.

७०० आणि ४५० मधला फरक फक्त हीटरच्या किमतीचा नाही. ४१५ व्होल्टच्या थ्री फेजवर ७०० किलोवॅटचा हीटर ९७० अँपिअरच्या वर ओढतो, ४५० चा ६२६. केबल, ब्रेकर, पॅनल, कदाचित ट्रान्सफॉर्मर, आणि महावितरणकडे घ्यायची कॉन्ट्रॅक्ट डिमांड, म्हणजे करारात ठरवलेला जास्तीत जास्त वीजभार, सगळं त्यावर ठरतं. या भारावरचा डिमांड चार्ज दर महिन्याला येतो, हीटर अर्ध्यावर चालला तरी.

हीटर देणाऱ्याला तेल तापवणाऱ्या दांड्यांच्या पृष्ठभागावर दर चौरस सेंटिमीटरला किती वॅट आहेत हेही विचारा. तेल कंपनीचे कागद उष्णतेचा हा मारा किलोकॅलरी प्रति तास प्रति चौरस मीटरमध्ये देत असतील तर १ वॅट प्रति चौरस सेंटिमीटर म्हणजे ८,६०० असं समजा. पुन्हा तोच ८६०, एक शून्य जास्त. दांड्या कमी घातल्या तर हीटर स्वस्त पडतो, पण दांडीला चिकटून वाहणारं तेल मर्यादेबाहेर तापतं, जळतं आणि कोळशाचा थर धरतं. किंमत पाडण्यासाठी इथे तडजोड करू देऊ नका.

खर्चाची तुलना साहेब मागतीलच. समजा तुमच्या गॅसची ग्रॉस व्हॅल्यू घनमीटरला ९,००० किलोकॅलरी आहे आणि हीटरची कार्यक्षमता ग्रॉसवरच ८५ टक्के. तेलाला ७,६५० मिळतात. ८६० ने भागा, ८.९ येतात. म्हणजे एका घनमीटर गॅसच्या दराची तुलना जवळपास नऊ युनिट विजेच्या दराशी करायची, एकाशी नाही. आणि पर्यावरणाचं कारण पुढे केलं जात असेल तर हेही मांडा की कोळशाच्या वीजकेंद्रात एक युनिट तयार करायला साधारण २,४०० किलोकॅलरी जळतात. आपल्या हीटरमध्ये त्यातल्या ८६० च पोचतात. वीज सौर असेल तर चित्र वेगळं.

बॉयलरबद्दल तुम्ही विचारलं नाहीये, पण त्याच शेडमध्ये तो असणार, म्हणून थोडक्यात. ‘एक टनाचा बॉयलर’ म्हणजे १०० अंशांच्या पाण्याची १०० अंशांवरच ताशी एक टन वाफ, किलोला ५४० किलोकॅलरी धरून. हे झाले ५,४०,००० किलोकॅलरी प्रति तास, म्हणजे ६२८ किलोवॅट. तुम्ही ६० अंशांचं पाणी देऊन १०.५ किलो प्रति चौरस सेंटिमीटर दाबाची वाफ घेत असाल तर प्रत्येक किलोला ६०५ च्या आसपास लागतात, आणि हाती ताशी ८९० किलो वाफ येते. बॉयलर बिघडलेला नसतो.

ऑर्डरच्या कागदावर मी असं लिहीन: तेलाला मिळणारी औष्णिक क्षमता ४५० किलोवॅट, म्हणजेच ३,८७,००० किलोकॅलरी प्रति तास, तेलाचं तापमान किती ते किती, प्रवाह ताशी किती घनमीटर, थंड अवस्थेतून २२० अंशांवर यायला किती मिनिटं चालतील. शेवटचा आकडा तुमच्या इनचार्जना विचारून भरा. तो त्यांच्या तोंडी असतो आणि कुठल्याही नेमप्लेटवर सापडत नाही.